मागच्या दिव्यातलं पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी राधामामींचं नाव घेतो. आईवडिलांचे उपकार वेगळे. त्यांच्या घरी मी हक्काने जन्मलो. मामींवर माझा काही हक्क नव्हता. त्या माझ्या आईच्या चुलतभावाची बायको. म्हणजे लग्नपत्रिका पाठवावी, पण आले नाहीत तरी राग येऊ नये, इतपत नातं. तरी बी.एस्सी.चा निकाल, पत्र्याची पेटी आणि आईने फडक्यात बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन मी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी "किती दिवस राहणार" असं विचारलं नाही. "भाकरी किती खातोस" असं विचारलं. मी लाजून दोन म्हणालो. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि चार थापल्या. त्या घरात मी पुढे सहा वर्षं राहिलो. चारचा आकडा कधी खाली आला नाही.

त्या सहा वर्षांतल्या एकाच उन्हाळ्याबद्दल मी इथे लिहिणार आहे. विषय मोटारीच्या मागच्या दिव्यात साचणाऱ्या पाण्याचा आहे. वाचकांना तो किरकोळ वाटेल. मला तेव्हा वाटला नव्हता, कारण माझी नोकरी त्या पाण्यावर तरंगत होती.

घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे लांबट ओसरी, मागे न्हाणीघर आणि तुळस, रस्त्याच्या बाजूला लोखंडी फाटक. मी ओसरीत झोपायचो. स्टेशनवरची घोषणा आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत व्हायची, आणि चौथ्यांदा ती मामी स्वयंपाकघरातून मराठीत करायच्या: "नांदेडची आली, डाळ टाकते." घरात घड्याळ एकच, ते मामांच्या मनगटावर, आणि मामा ते सहसा कोणाला दाखवायचे नाहीत. बाकीचा संसार गाड्यांवर चालायचा. गाडी लेट झाली की वरणही लेट. ताटात जवारीची भाकरी, येसराचा मसाला घातलेली आमटी, आणि एक दिवसाआड अंबाडीची भाजी. तिला सगळं हैदराबाद गोंगुरा म्हणतं. पण मामी फाटकाशी येणाऱ्या भाजीवालीला रोज नव्याने "अंबाडी म्हण, अंबाडी" असं शिकवायच्या. ती बाईही रोज मान डोलावून "गोंगुरा अम्मा" म्हणायची. दोघींपैकी कोणीच हरलं नाही.

गोविंदमामा जमीनमोजणीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. शाळा जुन्या संस्थानातली, म्हणून शिक्षण सगळं उर्दूत. उर्दू अक्षर इतकं देखणं की मला वाचता येत नसूनही मी ते बघत बसायचो. मराठी बोलायचे घरची, पण वाचायची वेळ आली की एकेक अक्षर चाचपत जायचे आणि जोडाक्षर आलं की चष्मा पुसायला थांबायचे. गावाकडची पत्रं, पत्रिका, पंचांग, सगळं मामी वाचून दाखवायच्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना पोथी वाचण्यापुरतं शिकवलं होतं, आणि पोथी बरीच मोठी होती. मामांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, लेखी दरख्वास्तीवर. नळाला पाणी नाही, दरख्वास्त. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळतो, दरख्वास्त. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हासुद्धा त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलेला मी पाहिला आहे.

तो काळ असा होता की गल्लीत रोज काहीतरी नवीन उगवायचं. आज कोपऱ्यावर फोनचा बूथ, उद्या गच्चीगच्चीतून लोंबणारी केबलची वायर, परवा कोणाच्या तरी दारात नवी मोटार. मोटारींनाही पहिल्यांदाच रंग फुटले होते. अशाच एका मोटार कंपनीचं नवं कोरं वर्कशॉप कुकटपल्लीला उघडलं आणि तिथे मला नोकरी लागली. दोन बस बदलून जायचं. हुद्दा इंग्रजीत लांबलचक होता. त्याचा अर्थ, गिऱ्हाइकाची तक्रार रजिस्टरात लिहून घ्यायची आणि मेकॅनिककडे पोचवायची. खिशावर नावाची पट्टी मिळाली. गावाकडे वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते. दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे की दत्ता हैदराबादला मोटारीचा इंजिनियर झाला. मी त्यांना दोनदा पत्रातून खुलासा केला, पण गिरणीच्या आवाजात खुलासे ऐकू जात नसावेत. शिवाय नोकरी सहा महिने कच्ची होती. सहा महिन्यांनी मॅनेजरसाहेब पक्कं करणार किंवा घरी पाठवणार. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पहिलाच परत आला तर पुढच्यांना कोणी शाळेत तरी घालील का, असा विचार मी बसमध्ये उभ्याउभ्या करायचो.

आणि मग मामांनी गाडी घेतली. जन्मभर सायकल चालवलेला माणूस. "भाचा कंपनीत आहे, आता भीती कशाची," असं म्हणून आमच्याच वर्कशॉपमधून घेतली. रंग मोड आलेल्या मुगाचा. मामींना तो फार आवडला. मामींच्या माहेरी, उमरीकडे, गाई होत्या. सकाळी उठून गाईच्या पाया पडल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असं त्यांना लहानपणापासून वळण. शहरात दाराशी गाय नाही एवढीच त्यांची आयुष्याबद्दल तक्रार होती, आणि तीही तोंडी. गाडी आली त्या दिवशी त्या ताट घेऊन बाहेर आल्या, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांवर पाणी घातलं, तिचं नाव गौरी ठेवलं, आणि शेवटी मागे जाऊन डिकीला हात लावून तो डोळ्यांना लावला. गाईची पूजा आमच्याकडे अशीच करतात. लक्ष्मी तिच्या मागच्या अंगाला राहते असं मानतात.

तिसऱ्या दिवशी कुंकू पुसलं तर हिरव्या मुगावर गुलाबी स्वस्तिक राहिलं ते राहिलंच. मामांनी कंपनीची इंग्रजी पुस्तिका माझ्याकडून पानोपान मराठीत करून घेतली आणि हुकूम काढला: "आजपासून गाडीला हळद, कुंकू, पाणी, काही लागता कामा नये. वॉरंटीत बसत नाही." मामी "बरं" म्हणाल्या. मामी बरं म्हणाल्या की मामा समाधानी व्हायचे. त्यांच्या संसाराचं गुपित तेच असावं. त्यानंतर मामा स्वतः रोज गाडी कोरड्या फडक्याने पुसायचे.

असा सगळा कोरडा कारभार असताना, ऐन वैशाखात, डाव्या बाजूच्या मागच्या दिव्यात बोटभर पाणी दिसलं.

मामांनी मला हाक मारली. आम्ही दोघं गाडीमागे उकिडवे बसून त्या पाण्याकडे पाहत राहिलो. लाल काचेमागे ते सरबतासारखं दिसत होतं. आभाळ महिनाभर कोरडं होतं. मामा म्हणाले, "भाचेसाहेब, हे कुठून आलं?" मी म्हणालो, "मामा, बघून सांगतो." मामा म्हणाले, "तू सांगू नको. मी दरख्वास्त देतो, कंपनी सांगेल." मी म्हणालो, मामा, कंपनीत दरख्वास्त घेणारा मीच आहे. "मग नीट घे," मामा म्हणाले. "नातं घरात. तिथे मी गिऱ्हाईक."

शनिवारी ते गाडी घेऊन कुकटपल्लीला आले, रांगेत उभे राहिले, आणि माझ्यासमोर येऊन मला ओळख न देता आपलं नाव आणि पत्ता सांगितला. मी तो लिहून घेतला. पत्ता माझाही तोच होता.

आमचे मुख्य मेकॅनिक जब्बारभाई. जुन्या शहरातले, तोंडात पान, वर्कशॉपमधल्या सगळ्या पदवीधरांना एकत्र मिळून "कॉलेज" म्हणायचे. त्यांनी दिवा उघडला, पाणी ओतलं, काचेभोवतीची रबरी पट्टी बदलली, आणि मला म्हणाले, "क्या कॉलेज, बारिश नै, बादल नै. तुम्हारे मामू बत्ती को नहलाते क्या?" मी म्हणालो, मामा तर गाडीला ओलं फडकंही लावू देत नाहीत. "फिर गाडी रोरी होगी," जब्बारभाई म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

पुढच्या शनिवारी मामा पुन्हा रांगेत. त्याच्या पुढच्या शनिवारीही. प्रत्येक वेळी उर्दूत लिहिलेली दोन पानी दरख्वास्त, खाली माझ्याकडून करून घेतलेलं इंग्रजी भाषांतर. म्हणजे माझ्या वर्कशॉपविरुद्धची तक्रार आदल्या संध्याकाळी ओसरीत बसून मीच लिहायचो. मामी शेजारी बसून शेंगा फोडत विचारायच्या, "काय लिहायलास रे इतकं?" मी म्हणायचो, "मामी, माझ्या हलगर्जीपणाबद्दल लिहितोय." त्या म्हणायच्या, "लिही बाबा, आधी ह्या शेंगा खा."

आमचे मॅनेजर मूर्तीसाहेब सौम्य माणूस होते, पण तिसऱ्या दरख्वास्तीनंतर त्यांचा सौम्यपणा संपला. त्यांनी मला आत बोलावलं. "दत्तात्रय, ये तुम्हारा अंकल है?" मी हो म्हणालो. "महीने के आखिर में तुम्हारा कन्फर्मेशन है. अगर अंकल फिर से उसी बत्ती के लिए आया, तो अंकल के साथ उसी गाडी में बैठ के तुम भी घर जाओ." एवढं बोलून त्यांनी मला चहा पाजला. वाईट बातमी ते नेहमी चहाबरोबर द्यायचे.

त्या दिवशी घरी येऊन मी भाकरी दोनच खाल्ल्या. मामींनी ताबडतोब ओळखलं. मी सगळं सांगितलं: दिव्यात पाणी राहिलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर गावी जाऊन वडिलांना तोंड कसं दाखवू. मामींनी भाकरीचं टोपलं पुढे ओढलं. मग माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकून म्हणाल्या, "काही होत नाही. तू तुझ्या शास्त्राने बघ. मी आहे ना."

शास्त्राने बघायला मी आधीच सुरुवात केली होती. पदार्थविज्ञान हा माझा मुख्य विषय. पहिल्या दरख्वास्तीच्या दिवशीच एक वही घातली होती. रोज सकाळी आंघोळीआधी गाडीमागे बसून, काचेला पट्टी लावून, पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. हवेतली वाफ दिव्यात शिरते आणि पहाटेच्या गारव्याने तिचं पाणी होतं, असा माझा सिद्धांत होता. त्याला आकृती होती, बाण होते, खाली रेघ मारून "म्हणून" असं लिहिलेलं होतं. हैदराबादच्या वैशाखात पहाटे गारवा नसतो ही एकच अडचण होती. दुसरी अडचण अशी की मामींनी "मी आहे ना" म्हटलं त्या दिवसापासून माझ्या वहीतली रेघ एकदम दुपटीने वर चढली. ती वही माझ्याकडे अजून आहे. परवा काढून पाहिली तेव्हा ती चढण पाहून मला इतकं हसू आलं की आमच्या सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. इतकं स्वच्छ, स्पष्ट निरीक्षण मी पुढे आयुष्यात कधी केलं नाही, आणि इतकं निरुपयोगीही नाही.

मी ओसरीत झोपायचो हे वर सांगितलंच आहे. पहाटे पहिली मालगाडी जायच्या सुमारास रोज कडी वाजायची, तांब्याचा आवाज यायचा, पाण्याची धार पडायची. मी अर्धवट झोपेत म्हणायचो, मामी तुळशीला पाणी घालतायत, आणि कूस बदलायचो. तुळस घराच्या मागे होती आणि आवाज पुढच्या फाटकातून यायचा. पण आवाजाचा वेग मला पाठ होता. तो कुठून येतो हे परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी मला शोध लागला. दिव्याच्या तळाशी, अगदी खाली, मसुराच्या दाण्याएवढं एक छिद्र होतं, धुळीने अर्धंअधिक बुजलेलं. मला इतका आनंद झाला की मी गाडीमागून रांगत बाहेर आलो तो थेट स्वयंपाकघरात. "मामी, वाट सापडली. पाणी येण्याची वाट." मामी म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" आणि तूपगूळ हातावर ठेवला. दोन गोळ्या एकत्र मळून लावायचा तो राखाडी मसाला मी दुकानातून आणला आणि ते छिद्र असं बुजवलं की मुंगीसुद्धा शिरणार नाही. वर अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलं. मसाल्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. मला वाटलं, ही माझ्या पदवीची सही.

दोन दिवसांत दिवा अर्धा भरला. चौथ्या दिवशी आतला बल्ब बुडाला आणि विझला. सहाव्या दिवशी पाणी काठोकाठ आलं. त्यात डासांची पिल्लं वळवळायला लागली. गल्लीतली माणसं संध्याकाळी बघायला यायची. समोरच्या घरचे तेलुगू गृहस्थ, रोज पेपर वाचायला आमच्या फाटकाशी टेकायचे, ते फार गंभीरपणे म्हणाले की यात दोन लाल मासे सोडले तर डास खातील. मामींनी मात्र दिव्याकडे पाहून हात जोडले. मला वाटलं, माझ्यासाठी काळजी करतायत. ते खरंच होतं.

शनिवार उजाडला. मी मामांना विनवणी केली: मामा, एवढा शनिवार राहू द्या, सोमवारी माझा निकाल आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दुःख झालेलं दिसत होतं. पण ते म्हणाले, "तारीख पडली की हजर राहावं लागतं, बेटा." मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. मामा ब्रेक दाबायचे तेव्हा मागून चूळ भरल्यासारखा आवाज यायचा. सिग्नलला एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "चचा, आपकी बत्ती में पानी है." मामा समोर बघत म्हणाले, "दरख्वास्त दी है."

वर्कशॉपमध्ये मूर्तीसाहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी दिवा पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा दिवा. जब्बारभाईंनी पान थुंकून स्क्रू काढला. काच सुटली आणि आतलं सगळं पाणी मूर्तीसाहेबांच्या बुटांवर गेलं. जब्बारभाईंनी खाली वाकून तळाचा मसाला नखाने उचकटला आणि अंगठ्याचा ठसा उन्हात धरून पाहिला. "ये किसका काम है?"

"माझं," मी म्हणालो.

"कॉलेज," जब्बारभाई जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "ये छेद पानी आने का नै. पानी जाने का है. कंपनी सोच समझ के देती. तुम मोरी बंद करको बैठे."

मी मूर्तीसाहेबांना म्हणालो, सर, चूक माझी आहे, छिद्र मी बंद केलं. तेवढ्यात जब्बारभाई रबरी पट्टीच्या वरच्या कडेला बोट फिरवत थांबले. पट्टी तिथे जरा उचलली गेली होती. त्यांनी चिमटीने काहीतरी बाहेर काढलं, मग आणखी एक. तांदळाचे दाणे. फुगलेले, आणि कुंकवाने गुलाबी झालेले. दाणे पट्टीखाली अडकून बसले होते आणि वरून पडलेलं पाणी त्या फटीतून सरळ आत जात होतं. जब्बारभाईंनी ते तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरले. "मामू, गाडी को चावल कौन खिलारा?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. कडी, तांब्या, धार, आणि वहीतली चढती रेघ. आणि हेही कळलं की मी तोंड उघडलं तर दोष वर्कशॉपचा नाही हे सिद्ध होतं, माझी नोकरी वाचते, आणि मामी मात्र चारचौघांत, मामांच्या हुकमाविरुद्ध, पकडल्या जातात. मी तांदळाकडे पाहिलं. माझ्या पोटात त्यांच्याच चार भाकरी होत्या.

"चिमण्या," मी म्हणालो. "सर, चिमण्यांनी आणले असतील."

मूर्तीसाहेबांनी चष्मा वर केला. "चिडिया चावल लाती, वो ठीक है. कुंकुम भी लगाती है?"

जब्बारभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. का कोण जाणे, पण त्यांनीही मान हलवली. "काचीगुडे की चिडियाँ है सर. मज़हबी रैती."

मग मामा पुढे आले. त्यांनी जब्बारभाईंच्या हातावरचा एक दाणा उचलला, चष्म्याजवळ नेला, आणि बराच वेळ पाहिला, एखाद्या कठीण जोडाक्षराकडे पाहावं तसा. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी तो दाणा कपाळाला लावला, अगदी नकळत, आणि चष्म्याच्या डबीत ठेवून डबी बंद केली. "चिडियाँ ही हैं," ते मूर्तीसाहेबांना म्हणाले. "हमारे दरवाज़े पर बहुत आती हैं. एक तो तीस बरस से है. रजिस्टर लाइए, मैं लिख के देता हूँ."

जमीनमोजणीच्या कचेरीत ज्या माणसाने जन्मभर कागदावर एक खोटी रेघ ओढली नाही, त्याने आमच्या तक्रार रजिस्टरात आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहून दिलं की शिकायत रफा झाली, सबब चिमण्या, आणि भाच्याचं काम समाधानकारक आहे. खाली सही, वेळ घालून. मूर्तीसाहेबांना उर्दू वाचता येत नव्हतं. जब्बारभाईंनी वाचून दाखवलं. साहेब ओल्या बुटांनी आत गेले. सोमवारी त्यांनी मला चहा न देता पक्क्या नोकरीचा कागद दिला. "एक ही शर्त है," ते म्हणाले. "अंकल नहीं चाहिए. दुबारा पानी नहीं, दुबारा अंकल नहीं."

घरी येऊन मी मामींच्या पाया पडलो. त्या आनंदाने रडल्या आणि पुरण घातलं. मला वाटलं, संपलं. मंगळवारी पहाटे कडी वाजली. या वेळी मी कूस बदलली नाही. उठून ओसरीच्या जाळीतून पाहिलं. मामी गाडीमागे उभ्या. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात तांब्या. दिव्यावर बारीक धार धरून त्या म्हणत होत्या, "गौरे, माझ्या पोराची नोकरी पक्की केलीस. बोलल्याप्रमाणे आता एकवीस दिवस रोज दोन तांबे घालते बघ."

मी जाळीला धरून उभा राहिलो. एकवीस दिवस, रोज दोन तांबे. म्हणजे माझ्या नोकरीसाठी त्यांनी जो नवस केला होता तोच नवस माझी नोकरी बुडवत होता, आणि आता तो फेडला जाणार होता. तोंडाने सांगायचं माझं धाडस झालं नाही. ज्या बाईने माझ्यासाठी देवाला पाणी घातलं, तिला मी कसं सांगू की मामी, दिव्यात शिरत होतं ते हेच पाणी? आणि मामा शेजारच्याच खोलीत. म्हणून मी ते पत्रात लिहिलं. मराठीत लिहिलं म्हणजे मामांच्या हाती पडलं तरी पहिल्या जोडाक्षरापर्यंतच जाईल. ते कुकटपल्लीच्या टपालपेटीत टाकलं. काचीगुड्याला पोचायला त्याला तीन दिवस लागले; मी रोज दीड तासात पोचत होतो. तेवढे दिवस जब्बारभाईंनी मोकळं केलेलं छिद्र इमानाने पाणी सोडत राहिलं.

पोस्टमन आला तेव्हा मी ओसरीतच दाढी करत होतो. मामांनी पत्र उलटंसुलटं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, "अगं, तुझं पत्र आहे. अक्षर ओळखीचं वाटतंय." मामींनी ते चुलीपुढे बसून वाचलं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्या दिवशी भाकऱ्या पाच आल्या.

दिव्यात पुन्हा पाणी आलं नाही. मामी गेल्यावर त्यांची पोथी माझ्याकडे आली. पत्र तिच्यात होतं, कोपऱ्याला हळद लागलेलं. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांना मी हे सगळं वाचून दाखवणार आहे. पत्र जसंच्या तसं उतरवतो.

तीर्थरूप राधामामींस,

दत्तात्रयाचा साष्टांग नमस्कार. मी इथे, म्हणजे ओसरीत, खुशाल आहे. पत्रास कारण की, माझी नोकरी पक्की झाली ती तुमच्या पुण्याईने. माझ्या शास्त्राने झाली नाही, हे मी शपथेवर सांगतो. शास्त्राने मी फक्त एक मोरी बुजवली.

आता एक विनंती आहे. गौरी गाईसारखी आहे, हे मला मान्य आहे. पण गाईच्या शेपटाला दिवा नसतो. गौरीच्या आहे, आणि तो पाण्याने विझतो. तरी नवसाचं पाणी दिव्यावर न घालता मागच्या चाकावर घालावं. चाकाला वॉरंटीची अडचण नाही, मी पुस्तिकेत पाहिलं आहे. अक्षता डिकीसमोर जमिनीवर टाकल्या तरी पोचतात. एकवीस दिवस पुरे करावेत, एकही कमी करू नये. माझ्यासाठी कोणी इतक्या पहाटे उठेल असं मला वाटलं नव्हतं. मी रोज तो आवाज ऐकत होतो आणि तुळशीचा समजत होतो. मला माफ करावं.

वडिलांना मी कळवलं आहे की नोकरी पक्की झाली. इंजिनियर नाही, हेही पुन्हा कळवलं आहे.

हे पत्र मामांना वाचून दाखवू नये. त्यांनी विचारलं की कोणाचं पत्र, तर चिमण्यांबद्दल आहे, एवढंच सांगावं. ते पुढे काही विचारणार नाहीत.

तुमचा,
दत्ता